बिननावाचं माप

टेलरबाई ही गोष्ट आता हसत सांगते. गिऱ्हाइकाच्या पाठीला टेप लावता लावता सांगते, आणि गिऱ्हाईक हसायला लागलं की "हलू नका, माप चुकतंय" म्हणून त्यालाच दटावते. पण ज्या गुरुवारी ती घडली, त्या गुरुवारी दुपारी बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बावीस वर्षांच्या कामात पहिल्यांदा तिनं एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या, आणि कापून झाल्यावरही तिला ते कळलं नाही.

बाई तशी खमकी. हाडापेरानं मजबूत, आवाज रस्त्याच्या पलीकडे जाणारा, गळ्यात कायम टेप. हा टेप फक्त अंघोळीपुरता उतरतो असं तिचा नवरा सांगतो, आणि तेही त्याला खात्रीनं माहीत नाही. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर टांगलेले तयार कपडे. दारामागे पडदा लावून कपडे घालून बघायला एका माणसापुरती जागा केलेली. जाड माणूस आत शिरला की पडदाच त्याच्या अंगाला बसतो. मागं स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली.

माणसं ती मापानं ओळखते. नाव विसरते, चेहरा विसरते, पण "तो नाही का, ज्याचा डावा खांदा अर्ध्या बोटानं खाली आहे" असं म्हणाली की तो माणूस दहा वर्षांनीही तिच्यापुढं उभा राहतो. टेप पोटाला लागला की भलेभले गडी श्वास आत ओढून घेतात. बाई टेप धरून नुसती उभी राहते. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? सुटला, की आकडा लिहून घेते.

लग्नाआधी ती एका इस्पितळाच्या शिलाईखोलीत चादरींच्या कडा मारायची. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला कापायला शिकवलं आणि जाताना एकच गोष्ट बजावली, की माप गिऱ्हाइकाचं आणि तुझं, तिसऱ्या कानाला जाता कामा नये. बाईनं ते शब्द आजवर पाळले. एकदा एक बाई कपडे न्यायला आली आणि आपल्या भावजयीबद्दल हळूच विचारायला लागली, "काय गं, वाढलीय ना ती चांगलीच? खरं सांग." टेलरबाई म्हणाली, "काल त्यांनी पण तुमचं हेच विचारलं." ती बाई कपडे घेऊन मुकाट निघून गेली आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

मापाची वही लांबट, जाड पुठ्ठ्याची. वर नाव, मग ठरलेल्या क्रमानं उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, आणि शेजारी त्याच कापडाची बोटभर चिंधी टाचणीनं अडकवलेली. चिंधीशिवाय माप नाही, असा तिचा खाक्या.

ही वही लिहिते तिची मुलगी. वय पंधरा. लहानपणी एका जागी ठरायची नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी घरभर गरागरा फिरायची, म्हणून आईनं नाव ठेवलं बॉबिन, आणि शाळेतल्या हजेरीपटाबाहेर तिला दुसरं नाव उरलं नाही. आठ वर्षांची असल्यापासून आई आकडा सांगणार आणि बॉबिन लिहिणार, अशी त्या घराची रीत. बाहेरगावची गिऱ्हाइकं फोनवर ओरडून मापं सांगायची, ही कानाला फोन लावून तेवढ्याच मोठ्यानं परत म्हणायची आणि लिहून घ्यायची. दुसऱ्या घरात पोरं पाढे ऐकत वाढतात, तशी ही मापं ऐकत वाढली. त्यामुळं माप सांगण्यात काही विशेष आहे, हेच मुळी त्या पोरीला कधी वाटलं नाही. पुढचा सगळा घोटाळा झाला तो इथं.

गेल्या वर्षी शाळेच्या अभ्यासासाठी तिला स्वतःचा फोन मिळाला. तिचा बाप पावाच्या भट्टीवर कामाला. पहाटे जातो, दुपारी येऊन झोपतो, आणि झोपेतून उठला की तासभर कुणी त्याच्या वाटेला जात नाही. फोन हातात देताना त्यानं सांगून टाकलं, "काही भलतंसलतं दिसलं तर फोडून टाकीन." त्याच्या मते एवढ्यात सगळं आलं. आईचा हिशेब त्याहून सोपा होता. पोरगी घरात आहे, दारात मी बसलेय, आत येणारा माणूस माझ्या टेबलापाशी थांबल्याशिवाय पुढं जात नाही. अजून काय राखण करायची? रस्त्यावरच्या पोरांवर तिची नजर असायची, शिकवणीच्या मास्तरावर असायची, उशिरा येणाऱ्या मैत्रिणींवर असायची. फोनवरून यायला कुणाला दार लागत नाही, हे तेवढं राहून गेलं.

त्या आठवड्यात बॉबिन घुम्यासारखी वागत होती. ताटातलं अर्धं टाकायची. फोन उपडा ठेवायची आणि तो थरथरला की दचकायची. आई म्हणाली, परीक्षा जवळ आली असेल. बाप म्हणाला, वयच तसलं आहे. एवढं बोलून दोघंही आपापल्या कामाला लागले.

गुरुवारी दुपारी एका नर्सच्या डगल्याचं जुनं माप काढायला बाईनं वही उघडली. पानं चाळताना वही हातातून निसटली आणि मागच्या बाजूनं उघडली. शेवटच्या पानावर बॉबिनच्या अक्षरात तीन आकडे. वर नाव नाही, शेजारी चिंधी नाही. उंची नाही, खांदा नाही, मुंढा नाही. छाती, कंबर आणि कमरेखालचा घेर, बस.

बाईला आधी रागच आला. तीन आकड्यांत एखादी पिशवी शिवता येईल, माणसाचा कपडा कसा शिवणार? एवढं शिकवून पोरीनं असं अर्धवट माप घेतलं कुणाचं? मग तिनं आकडे पुन्हा वाचले. हाताच्या कोपरात मावत होतं तेव्हापासून त्या अंगाचे कपडे ती शिवत आली होती. नाव लिहायची गरजच नव्हती.

राग उतरला आणि भीती शिरली ती तेव्हा. कारण बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जगातला कुठलाही शिंपी, कितीही अडाणी असला तरी, खांदा विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. जो एवढेच तीन आकडे विचारतो त्याला कपडा शिवायचा नसतो. आणि असल्या माणसाचं माप मागून भागत नाही. तो पुढं फोटो मागतो.

फोटो गेला का? एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. हात आपले सवयीनं शर्ट कापत होते, आणि त्याच वेळी त्या दोन डाव्या बाह्या निघाल्या.

चार वाजता बॉबिन शाळेतून आली. दप्तर टाकलं, फोन उपडा ठेवला, पाणी प्यायली. बाईच्या मनात आलं, झडप घालून फोन हिसकावावा. मनात आलं, दोन थोबाडीत द्याव्यात. पण मागच्या खोलीत नवरा घोरत होता. तो जागा झाला की आधी फोन फुटणार, मग आदळआपट होणार, आणि पोरगी एकदा का तोंड मिटून बसली की मग हात टेकायचे. शिवाय बाईला धंद्यातला अनुभव होता. लाजरं गिऱ्हाईक समोरासमोर विचारलं की खोटं बोलतं. त्याच्या मागं जाऊन, कामाच्या नादात विचारलं की सगळं सांगून मोकळं होतं.

"बॉबिन, गणवेश आखूड झालाय तुझा. स्टुलावर चढ, घेर सोडायचाय."

"आत्ता?"

"मग काय शाळा सुटल्यावर? सुटली ना शाळा. चढ."

बॉबिन स्टुलावर उभी राहिली. आई खाली गुडघ्यांवर बसली. पाच-सहा टाचण्या हातात घेतल्या आणि घेराकडं बघत म्हणाली, "वहीच्या शेवटच्या पानावर कुणाचं माप आहे गं?" आणि लगेच सगळ्या टाचण्या तोंडात धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की टेलरबाईला ओरडता येत नाही, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

बाईनं एक टाचणी लावली, दुसरी लावली. घोट्याला बोट लावून वळायची खूण केली. पोरगी थोडी वळली.

"माझं आहे."

"हं."

"एका कंपनीला पाहिजे होतं."

"हं."

"मी तो निळा झगा शिवला ना, पहिला, तू नुसतं कापून दिलेला. त्याचा फोटो टाकला होता फोनवर. त्याच्याखाली एका बाईनं लिहिलं, किती सफाई आहे हाताला. मग माझ्या एकटीशी बोलायला लागली. म्हणे आमची कपड्यांची कंपनी आहे, तुझ्या वयाच्या मुली पाहिजेत कपडे घालून बघायला. बाईच होती, आई. म्हणजे फोटो बाईचा होता."

"हं."

"तिनं माप विचारलं. मी दिलं." मग एकदम घाईनं, "तू सांगतेस ना, गिऱ्हाइकाचं माप कुणाला द्यायचं नाही? मी गिऱ्हाइकाचं दिलं नाही. माझंच दिलं."

बाईचा हात घेरावरच थांबला. बावीस वर्षं तिनं सगळ्या गावाची मापं पोटात ठेवली होती, पोरीलाही तेच शिकवलं होतं, आणि पोरीनं तो नियम अगदी शब्दाला शब्द पाळला होता. तुझं स्वतःचं मापही त्याच वहीतलं, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

तिनं पुन्हा वळायची खूण केली.

"मग फोटो मागितला. फिटिंग बघायला."

बाईनं तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीला टोचल्या. आवाज होईल तेवढा बारीक ठेवला. "पाठवलास?"

"पाठवले. तीन."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईला ती लांबून कुठूनतरी ऐकू आली.

"कसले?"

"पुतळ्याचे."

"कुणाचे?"

"पुतळ्याचे गं. आपल्या. त्याला माझ्या मापाचा कापूस भरला, झगा चढवला, एक समोरून, एक मागून, एक बाजूनं. तू नाही का बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाठवत?"

पुतळा म्हणजे कोपऱ्यातलं ते लोखंडी पायाचं, कापडानं मढवलेलं धड. त्याला मुंडकं नाही, हात नाहीत. ज्या गिऱ्हाइकाला घालून बघायला येता येत नाही, त्याच्या मापाचा कापूस पुतळ्यावर गुंडाळायचा, कपडा चढवायचा आणि तीन बाजूंनी फोटो काढून पाठवायचा, ही टेलरबाईची पद्धत. बॉबिननं आयुष्यात फिटिंगचा फोटो म्हणून तेवढाच एक प्रकार पाहिला होता. दुसराही काही असू शकतो, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

बाईचा जीव असा भांड्यात पडला की ती गुडघ्यांवरून घसरून सरळ फरशीवर बसली. आणि तिला हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसतेस काय? मी इथं चार दिवस मरतेय."

"नाही हसत. सांग पुढं." आणि परत हसली.

पुढं मात्र हसण्यासारखं नव्हतं. पुतळ्याचे फोटो बघून पलीकडच्या माणसानं लिहिलं, पुतळा नको, तू पाहिजेस. मग कसा फोटो पाहिजे ते लिहिलं. बॉबिननं ते आईच्या कानात सांगितलं, आणि आईचे कान तापले. पोरीनं तसला फोटो पाठवला नाही. दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग भाषा फिरली. तुझी मापं माझ्याकडे आहेत, तुझ्या खात्यावरचा चेहरा आहे, शाळा कुठली ते माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही तर हे सगळं, त्याला काय काय जोडून, तुझ्या शाळेतल्या पोरांना पाठवतो.

"शाळा कशी कळली?"

"निळ्या झग्याच्या मागं दोरीवर गणवेश वाळत होता. खिशावरचं चिन्ह दिसतं त्यात."

ते चिन्ह आईनंच भरलं होतं, रेशमी दोऱ्यानं, चार हातांवरून वाचता यावं असं.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबा फोन फोडतील. तू ओरडशील." पोरगी स्टुलावर उभी राहून आपल्या पायाच्या बोटांकडं बघत होती. "पण पान फाडलं नाही मी वहीतलं. फाडता आलं असतं."

बाई उठली, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उतर खाली. टाचण्या सांभाळ."

इतक्यात बाप उठून दारात आला. हसण्यानं झोपमोड झाली होती. अर्धं ऐकलं होतं, उरलेलं बाईनं चार वाक्यांत सांगितलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठाय तो फोन? उद्या सकाळी भट्टीत घालतो."

"अहो, आधी तोंड धुवा."

"तोंड काय धुवा? दे इकडं."

खरं तर बाईच्याही मनात तेच होतं. सगळं पुसून टाकावं, नाहीतर त्या माणसाला फोन लावून आपल्या खास शब्दांत एकदा समाचार घ्यावा. पण चिंध्यांनी तिला अडवलं. गिऱ्हाइकानं कपडा घालून, खूश होऊन गेल्याशिवाय बाई त्या कापडाच्या चिंध्या टाकत नाही. कापड कमी भरलं, तुम्हीच ठेवून घेतलं, असं कुणी म्हणालं तर चिंध्या जोडून दाखवता येतात. भांडण मिटेपर्यंत काही फेकायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं फोन आपल्या पोलक्यात सरकवला आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या अंगाला हात लावून काढून घ्या, हिंमत असेल तर." नवरा तोंड धुवायला गेला.

खिळ्यावर एका हवालदारबाईंची पँट तयार होऊन टांगलेली होती. ही गणवेशाची पँट दर वर्षी कमरेत सोडावी लागते, आणि ही गोष्ट वही सोडून कुणालाच माहीत नाही. टेलरबाईनं फोन लावला. "पँट तयार आहे. आणि एक काम आहे, जरा नाजूक आहे." हवालदारबाई ड्युटी संपवून तासाभरात आल्या. दार लोटलं, टेबलापाशी बसल्या, चष्मा लावला आणि पोरीच्या फोनवरचं एक एक अक्षर वाचलं. वाचताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"धमकीला उत्तर दिलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस. आता पण द्यायचं नाही. शिवी पण द्यायची नाही." मग टेलरबाईकडं बघून, "हे तुला सांगतेय."

"मी कुठं काय म्हणाले?"

"तोंड दिसतंय ना तुझं."

बापानं मधेच विचारलं, "फोनच नको ठेवायला, असं केलं तर?"

"दादा, फोन भट्टीत घातलात तर मी साहेबांपुढं काय ठेवू? पाव?"

हवालदारबाईंनी पोरीला शेजारी बसवून सगळं तिच्याच हातानं करवून घेतलं. प्रत्येक निरोपाचा फोटो काढायचा, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्या खात्याचं नाव, पत्ता, जे दिसतंय ते सगळं टिपून ठेवायचं. तेवढं झालं की त्या खात्याची तक्रार तिथल्या तिथं फोनवरूनच करायची, आणि मग त्याला बंद करायचं. उद्या सकाळी चौकीत यायचं, असल्या तक्रारी लिहून घ्यायला तिथं वेगळं टेबल आहे. वर्गशिक्षिकेला आजच कल्पना द्यायची, म्हणजे तो काही पाठवेल तर शाळा आधीच सावध असेल.

"आणि हे बघ," त्या बॉबिनला म्हणाल्या, "ही माणसं मुदत का घालतात, माहितेय? घाबरलेल्या माणसानं विचार करू नये म्हणून. त्याच्याकडे आहे काय? तीन आकडे, खात्यावरचा एक चेहरा, आणि एका बिनमुंडक्याच्या धडाचे फोटो. माप द्यायला नको होतं, ते तुला आता कळलं. पण गुन्हा तुझा नाही. गुन्हा धमकी देणाराचा. हे उद्या टेबलावर ताठ बसून सांगायचं."

जाताना पँट घेतली, कमरेकडून एकदा ताणून बघितली आणि विचारलं, "किती सोडलीस?"

"पुरेल," टेलरबाई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दुकानाला कुलूप. नवरा भट्टीवरून तसाच, अंगावर पीठ घेऊन आला. तिघं चौकीत गेली. टेबलावरचा तरुण पोलीस खाली मान घालून लिहीत होता. नाव, वय, शाळा, केव्हापासून, काय काय. मग विचारलं, "फोटो पाठवले का?"

"हो. तीन."

त्याची लेखणी थांबली. त्यानं मान वर केली, आईबापाकडं पाहिलं आणि आवाज हळू करून विचारलं, "स्वतःचे?"

"पुतळ्याचे," बॉबिन म्हणाली, आणि फोन पुढं केला.

त्यानं फोटो पाहिले. ओठ दाबून धरले. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा जमादार उगाच उठून मागून बघून गेला. "झगा चांगला शिवलाय," तरुण पोलीस म्हणाला.

"खांदा उतरलाय थोडा," बॉबिन म्हणाली.

चार दिवसांत पोरगी पहिल्यांदाच आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली. आईला तिथंच तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण पंधरा वर्षांची पोर चौकीत कोण उचलतं?

तरीही संध्याकाळ काढायची होतीच. मुदत संध्याकाळची होती. पाच वाजले. बाई उजवी बाही नव्यानं कापायला बसली. सहा वाजले. पहाटे उठणारा नवरा एव्हाना आडवा झालेला असतो. तो आज मशीनशेजारी स्टुलावर बसून सुटी बटणं मोजत होता, आणि चुकत होता. बॉबिन पुस्तक उघडून एकाच पानावर बसली होती. सात वाजता फोन वाजला. तिघांनीही एकमेकांकडं पाहिलं. वर्गशिक्षिकेचा होता. कुणालाही काही आलेलं नाही, आलं तरी बघून घेऊ, सोमवारी पोरीला नेहमीसारखी पाठवा, एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता.

"झालं," बाप म्हणाला, उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन पोरीच्या डोक्यावर टपली मारली. "जेव आता." बॉबिन जेवली. दोनदा वाढून घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेताना बापाच्या ताटातलंही उचललं. मग तिथंच भिंतीला टेकून, हात न धुता झोपली.

शनिवारी काही आलं नाही. रविवारीही नाही. पुढच्या आठवड्यात हवालदारबाई सांगून गेल्या, की ते खातं बंद झालंय, आणि त्याच खात्याबद्दल आणखी दोन मुलींच्या घरून तक्रारी आल्यात. फोटोतली बाई खरी नव्हती. मागं कोण होतं त्याचा तपास चालू आहे, वेळ लागतो. "तुझ्या पोरीनं सगळं जपून ठेवलं म्हणून धागा तरी मिळाला," त्या म्हणाल्या. टेलरबाई दिवसभर हे वाक्य येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणार होती, पण पोरीनं डोळे वटारले. मग गप्प बसली. पोरीनं परवानगी दिल्यावरच ही गोष्ट बाहेर पडली, आणि तीही खूप पुढं.

त्या रविवारी तिघं कापायच्या टेबलाभोवती बसली. बॉबिननं आपलं खातं ओळखीच्या माणसांपुरतं करून आईला दाखवलं, गणवेशाचा तो फोटो काढून टाकला, आणि कुठलं बटण कशासाठी हे आईला तीनदा समजावलं. आईनं एकच सांगितलं. "तुझं माप, शाळा, घर, फोटो, हे सगळं वहीतलं. कुणी मागितलं तर वहीवालीला, म्हणजे मला, विचारायचं."

"वहीवाली ओरडली तर?"

"ओरडणार नाही."

"आणि बाबा?"

बापानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "नाही फोडणार."

"मोठ्यानं."

"नाही फोडणार म्हणालो ना."

जेवायच्या वेळी आणि झोपताना सगळे फोन पुढच्या खोलीत, हे बापानं सुचवलं. सगळे म्हणजे आईचाही, ही दुरुस्ती बॉबिनची. बाईला ती फार जड गेली. तिला जेवताना फोनवर मांजरं बघायची सवय लागलेली, आणि हे घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

महिनाभरानं एका सकाळी बाई एका ठेकेदाराच्या कोटाचं माप घेत होती. गडी आडवा, दोन्ही हात वर करून, श्वास ओढून उभा. आतून बॉबिन फोन हातात घेऊन आली.

"आई, हे बघ जरा. कोण आहे काय माहीत, विचारतोय कुठं राहतेस."

बाईनं टेप तसाच माणसाच्या पोटावर लोंबता सोडला आणि फोन घेतला. दोघी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी अनोळखी होतं, नुसतंच हॅलो आणि दोन प्रश्न, बाकी काही नाही. बॉबिननं त्याला बंद केलं. बटण बरोबर दाबलं की नाही हे आईनं चष्मा लावून पाहिलं, मग पोरीनं निळ्या झग्याच्या खांद्याचं काय करायचं ते विचारलं, मग त्यावर दोघींचा वाद झाला.

"अहो बाई," मागून ठेकेदार म्हणाला, "हात खाली घेऊ का?"

"थांबा जरा," टेलरबाई म्हणाली. "घरचं काम चाललंय."